कानशीचे चार हात

मी, परशुराम मल्लाप्पा हलगेकर, ओळखीचे लोक परसू म्हणतात, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा झाडं आणि फांद्या तोडून देणे, मूळ तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, सध्या राहणार मल्लेश्वरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुफ्फुसं नाहीत, पण त्यांचा सहीशी संबंध येत नाही असं वकील म्हणाले. मला कुणी धाक दाखवलेला नाही, काही पाजलेलं नाही. उलट ‘आत्ताच कशाला लिहिताय’ म्हणून सगळे गोड बोलतात आणि त्या गोड बोलण्याचा मला वीट आला आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कागद मराठीत का, असंही वकिलांनी विचारलं. मी म्हटलं, माझी शाळा मराठी, मला दुसरं लिहिता येत नाही. बायकोची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. तिला हे अक्षर वाचता येणार नाही. खरं कारण ते आहे, आणि ते कलम सहामध्ये येईल.

१. मल्लेश्वरममधलं दोन खोल्यांचं राहतं घर, त्यावरच्या गच्चीसह, माझ्या पश्चात माझी पत्नी अंबूबाई हिच्या मालकीचं व्हावं. तिच्यानंतर मुलगा अजिंक्य याचं. शेजारच्या बिल्डरनं तीन वेळा मिठाईचा डबा पाठवला आहे. डबा ठेवून घ्यावा, त्याला घरात घेऊ नये.

२. बँकेतली ठेव अंबूबाईची. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

३. धंद्याचं नाव आणि फोन नंबर कुणालाही देऊ नये, बंद करावा. सर्जापूर रोडच्या एका सोसायटीचा अध्यक्ष अजून फोन करतो. त्यांच्या आवारातल्या पिंपळावर बगळे बसतात आणि गाड्यांवर घाण पडते, म्हणून पिंपळ नको. मी म्हटलं, गाडीवर कापड घाला. तर म्हणतो, अंकल, कापड रोज कोण घालणार? अशा माणसाला माझ्या नावानं कुणीही झाड तोडून देऊ नये. आपल्या मल्लेश्वरमचे जुने लोकही काही कमी नाहीत. ‘स्वल्प कट माडी, अण्णा’ म्हणतात, जरासंच कापा, आणि खुर्ची टाकून बसतात. ते जरासं करत करत बुंधा उघडा पडेपर्यंत उठत नाहीत. या ‘स्वल्प’ शब्दाची मला शिसारी आहे. तो मीही वापरला आहे, म्हणून जास्त.

४. मला विजेच्या दाहिनीत न्यावं. लाकूड नको. भाषण नको. ‘झाडांचा मित्र’ असं कुणी म्हणालं तर त्याला बाहेर काढावं. मी झाडं तोडली, मित्र वगैरे काही नव्हतो.

५. माझी चेनसॉ, म्हणजे इंजिनाची करवत, तिचं सोळा इंची पातं, त्यावर फिरणाऱ्या दोन दातेरी चेनी, तीन गोल कानशी, एक चपटी कानस, कानस बसवायचा गाईड आणि दातांपुढची टेकाडं मोजायची लोखंडी पट्टी, एवढं सगळं माझा मेहुणा, अंबूबाईचा धाकटा भाऊ दयानंद यल्लाप्पा बिर्जे, राहणार देवनहळ्ळी, याला द्यावं.

वस्तूबरोबर रीतही लिहून ठेवतो. हल्लीची पोरं चेन बोथट झाली की धार लावायच्या मशीनच्या चाकावर धरतात. ठिणग्या उडतात, पोरं खूश. दात तापून निळा पडतो, आणि निळा पडलेला दात मेला. दुसऱ्या दिवशी तीच पोरं बोथट करवतीवर छाती टेकून जोर लावतात. लाकडातून पीठ पडतं, धूर येतो, आणि म्हणतात, लाकूड कडक आहे. लाकूड कडक नाही, तुम्ही आळशी आहात. धारेची चेन पीठ पाडत नाही, ढलप्या पाडते.

पातं वाइसच्या जबड्यात घट्ट पकडावं. पहिल्या दातावर खडूची खूण करावी, नाहीतर कुठून सुरू केलं ते कळत नाही. गाईडवर तिरकी रेघ असते, ती पात्याला समांतर ठेवावी. कानस फक्त पुढे ढकलावी, ओढताना उचलावी. मागेपुढे घासतो तो कानशीचा आणि दाताचा, दोघांचा जीव घेतो. एका बाजूचे सगळे दात आधी, मग करवत फिरवून दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येक दाताला कानशीचे तेवढेच हात. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त पडतो. मग एका बाजूचे दात लांब राहतात आणि करवत लाकडात वाकडी जाते. गाईड असतो तो याचसाठी.

शेवटी टेकाडं. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटकं टेकाड असतं. दात लाकडात किती खोल घुसायचा ते हे टेकाड ठरवतं. दात झिजला की टेकाडही थोडं उतरवावं लागतं, पण पट्टी ठेवून, पट्टीच्या वर येईल तेवढंच. जास्त उतरलं तर दात खोल घुसतो, अडकतो, आणि करवत उसळून माणसाच्या अंगावर येते.

दयानंद माझ्याच धंद्यात होता, आणि हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं करायचा. एका चेनीला पाऊण तास घ्यायचा. मी त्याला मास्तर म्हणून चिडवायचो. गाईड म्हणजे कुबडी, माझ्या हातालाच डोळे आहेत, असं मी चारचौघांत म्हणायचो.

६. मे २०१६ मध्ये वादळी वाऱ्यानं आमच्याच भागात एक गुलमोहर रस्त्यावर आडवा झाला. चेन दयानंदनं आदल्या संध्याकाळी गाईड लावून घासली होती. सकाळी मी एक फांदी कापून बघितली. मला ती मंद वाटली. मंद नव्हती, मला घाई होती. मी चपटी कानस घेतली आणि पट्टी न लावता प्रत्येक टेकाडावर चार चार हात मारले. ‘स्वल्पच’ असं मनात म्हणालो. मग करवत अजिंक्यच्या हातात दिली. अजिंक्य तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. तिसऱ्या फांदीला करवत उसळली आणि त्याच्या डाव्या खांद्यात गेली. तो वाचला. तो हात आजही कानाच्या वर जात नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर अंबूबाईनं विचारलं, “चेन कुणी घासली होती?”

मी म्हटलं, “दयानंदनं.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त घाणेरडं आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोललो हे माहीत असतं. मी नऊ वर्षं स्वतःला सांगत राहिलो, की विचारलेल्या प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं.

अंबूबाईनं भावाला सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवू नको. त्यानं एक उलट शब्द काढला नाही, कारण त्यालाही वाटलं की आपलाच हात चुकला. त्यानं कानशी विकल्या, धंदा सोडला, देवनहळ्ळीच्या प्लॉटांच्या एका लेआउटच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला. दहा भाऊबीजा गेल्या. दरवर्षी अंबूबाई ओवाळायचं ताट काढते आणि चंद्राला ओवाळते. दरवर्षी मी ते पेपर वाचत वाचत बघितलं आहे.

तरी मी जाहीर करतो, की ती चेन दयानंदनं बरोबर घासली होती. ती मी बिघडवली. माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी हे कलम अंबूबाईला आणि दयानंदला समजावून सांगावं.

७. हे कलम सात दिवसांनी जोडत आहे.

कलम सहाचं शेवटचं वाक्य रोज वाचलं. रोज किळस आली. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? मेलेल्याला कुणी शी म्हणत नाही. परवा दुपारी स्वयंपाकघरात जाऊन मी अंबूबाईला कलम सहा वाचून दाखवलं. तिनं गॅस बंद केला. “परत वाचा,” म्हणाली. परत वाचलं.

“मेल्यावर कळणार होतं होय मला?”

“हो.”

“तेबी वकिलाकडनं.”

“हो.”

“शी,” म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला बऱ्याच शिव्या दिल्या, पण हे तिनं हळू आवाजात म्हटलं. मग माझ्याच फोनवरून भावाला फोन लावला. “दया, उद्या ये. ह्यांना तुला काहीतरी वाचून दाखवायचंय. मी दारात उभी असते.”

दयानंद काल आला. केस पांढरे झालेत. अंबूबाई त्याचा दंड धरून आत घेऊन आली आणि शेवटपर्यंत दंड सोडला नाही. अजिंक्यलाही बोलावलं होतं. त्यानं उभ्यानं ऐकलं आणि निघून गेला. अजून माझ्याशी बोललेला नाही. ते त्याच्या मर्जीवर आहे, या कागदानं त्याला काही सांगायचं नाही.

दयानंदनं कलम सहा पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, “किती हात, दाजी?”

“चार.”

“सगळ्या टेकाडांवर?”

“सगळ्या.”

“पट्टी?”

“लावली नाही.”

“नऊ वर्षं मी ती चेन डोक्यात घासतोय,” तो म्हणाला. “दर वेळी बरोबरच येते. मला वाटायचं, मीच मला फसवतोय.”

मी माफी मागितली. त्यानं ती घेतलीही नाही, टाकलीही नाही. मी कलम पाच वाचून दाखवलं, करवत त्याच्या नावानं केली आहे म्हणून सांगितलं, आणि हेही सांगितलं की वकिलांच्या मते ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, म्हणून त्याला सोडून दुसऱ्या साक्षीला माणूस शोधतो आहे.

“मग माझं नाव खोडा की,” दयानंद म्हणाला. “करवत नको मला. कागद इकडं द्या.”

तो रात्री इथंच राहिला, आणि त्याप्रमाणे आज कलम पाचमधला त्याला द्यायचा भाग रद्द केला आहे. ती हत्यारं अंबूबाईकडे राहतील, तिनं काय करायचं ते करावं.

हे सगळं मी समजून, वाचून, माझ्या इच्छेनं लिहिलं आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली.

ठिकाण: मल्लेश्वरम, बेंगळूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) परशुराम मल्लाप्पा हलगेकर

साक्षीदार, प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात:

१. (सही) सुखदा विद्याधर केतकर, शेजारी, धंदा: निवृत्त शिक्षिका. परशुरामअण्णांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) दयानंद यल्लाप्पा बिर्जे, राहणार देवनहळ्ळी, धंदा: चेन घासणे.