राजोडीहून आलेला रुपिया

कऱ्हाड,
दि. ६ नोव्हेंबर २००६

चि. सौ. आशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला तुला येता आलं नाही, त्याचं मनावर घेऊ नकोस. जयवंतरावांना एकटं टाकून येण्यासारखी परिस्थिती नाही हे इथे सगळ्यांना कळतं. झटक्यानंतर त्यांना उजवा हात थोडा तरी उचलता येतो का, ते लिही.

आज पत्र लिहायला कारण आहे. फोन केला असता, पण फोन हॉलमध्ये आणि तिथे सूनबाई असते. नाण्यांचा विषय निघाला की ती काही बोलत नाही, आणि तिचं ते न बोलणं मला आता सोसत नाही.

आर्याने कॉलेजच्या सुट्टीत आजोबांना इंटरनेट शिकवलं. लिलावाची एक वेबसाइट आहे, घरबसल्या बोली लावायची. तिथे गोव्याच्या पोर्तुगीज अमलातला चांदीचा रुपिया दिसला, सन १८८२, लुईस राजाचं डोकं. कित्येक वर्षं मी त्याच्या शोधात होतो. फोटो सुरेख होता. ड्राफ्ट पाठवला, पार्सल आलं. उघडताना नाणं हातातून टेबलावर पडलं आणि तिथेच कळलं. चांदी पडली की तिचा आवाज मागे रेंगाळतो. हे टप्प करून गप्प बसलं. सोनाराकडे वजन केलं, जवळजवळ दोन ग्रॅम कमी. कडेवर मधोमध बारीक रेघ आहे, म्हणजे साच्याचे दोन भाग जोडून ओतलेलं. भिंगाखाली तर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. फोटोतल्या राजाच्या कानाजवळ एक चेप होता, तो माझ्या नाण्यावर नाहीच.

गेल्याच वर्षी इथल्या वाचनालयात खोटं नाणं कसं ओळखावं यावर मी तासभर बोललो होतो. लोकांनी शाल दिली. असो.

दोन ईमेल केले, उत्तर नाही. पार्सलवर पत्ता आहे : बी. तुस्कानो, राजोडी, ता. वसई. तुझ्यापासून किती लांब? जमलं तर जाऊन पाहा. घाई नाही म्हणतो, पण मला झोप लागत नाही.

जयवंतरावांना नमस्कार. तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा

~

होळी, वसई,
दि. १४ नोव्हेंबर २००६

ती. सदानंददादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं. शालीच्या ओळीला ओठांचा डावा कोपरा हलला, म्हणजे हसले. हात अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात धीर धरा. तेवढं एकच औषध फुकट मिळतं.

इकडे रोज चार तास वीज नसते. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. वीज असते तेव्हा पाणी नसतं, आणि पाणी येतं तेव्हा पंप चालवायला वीज नसते. त्यात तू ह्या वयात कॉम्प्युटरवर बोली लावतोस. आईने बाजारात तुला एकट्याला वांगी आणायलासुद्धा पाठवलं नाही, ते उगाच नाही.

राजोडी फार लांब नाही. एसटीने निर्मळपर्यंत आणि पुढे रिक्षा. पण ह्यांच्याजवळ कोणीतरी बसायला हवं. इथल्या वाडीतली कमळी येते मदतीला, पण सध्या तिच्या मळ्यात भाजी काढायचं काम आहे. ती मोकळी झाली की जाईन. गेल्यावर काय बोलायचं, ते मात्र लिही. मला भांडता येत नाही. पूर्वी यायचं, आता त्राण नाही.

वहिनींना नमस्कार, आर्याला आशीर्वाद. रागावू नकोस, जीव आहेच.
आशा

~

कऱ्हाड,
दि. २० नोव्हेंबर २००६

चि. सौ. आशास,
आशीर्वाद. वि. वि.

भांडायचं नाहीच. गिऱ्हाईक म्हणून जा. आणखी नाणी दाखवा म्हण. दाखवतील ती तळहातावर आडवी धरून कडा पाहा. खऱ्याच्या कडेवरच्या रेघा कंगव्यासारख्या सारख्या असतात, खोट्यावर कानस मारल्याच्या खुणा दिसतात. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक पर्समध्ये ठेव. चांदी त्याला कधी चिकटत नाही. न चिकटणारं सगळंच खरं असतं असं नाही, पण चिकटलं तर प्रश्न मिटला. फरशीवर हलकेच टाकून आवाज ऐक. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, पेटी तू शिकली होतीस.

आर्याने शोधून काढलंय की तो फोटो मुळात परदेशातल्या एका विक्रेत्याच्या पानावरचा आहे, तोच चेप, तीच सावली. फोटो एकाचा आणि माल दुसऱ्याचा. मी बोली लावण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागायला हवे होते, नाण्याशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून. दुसऱ्यांना सांगतो ते स्वतः केलं नाही. हवं ते समोर दिसलं की माणूस पाहायचं थांबतो.

ही टोळी असावी असा माझा अंदाज आहे. जपून जा, दारातूनच बोल. खुशालीचं लगेच कळव, वाट पाहतो.
दादा

~

होळी, वसई,
दि. ७ डिसेंबर २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल कमळी आली आणि मी राजोडीला जाऊन आले. तुझी टोळी पाहिली. एक विधवा बाई आहे, हिल्डा नावाची. नवरा कॉन्रॅड फेब्रुवारीत गेला. बी. तुस्कानो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ बर्नार्ड. नालासोपाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात असतो, इंटरनेटचं सगळं तो बघतो. काल तो कामावर होता.

शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या लोकांना ही बाई जेवण करून देते. मीही ऑर्डर द्यायला आले असं तिला वाटलं. नाणी बघायची आहेत म्हटल्यावर चेहराच बदलला. नाण्यांसाठी घरी येणारी मीच पहिली, असं म्हणाली. खुर्ची पुसून दिली.

नवरा जहाजावर फिटर होता. हॉलमधल्या काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर त्याने बंदराबंदरातून आणलेली नाणी आहेत, खाली त्याच्या हातच्या चिठ्ठ्या : मोंबासा, कोलंबो, बसरा. ती विकायची नाहीत. येईल त्याला तो ती दाखवायचा. विकतात ती दुसरी. तो गेल्यावर त्याचे कपडे चर्चमधून गरिबांना द्यायला काढले, तर शर्टांच्या तळाशी, जुन्या लुंगीत गुंडाळलेला बिस्किटांचा डबा निघाला. आत चांदीचे मोठाले रुपये. इतकं जपून ठेवलं म्हणजे हेच सगळ्यात मोलाचं असणार, असं बर्नार्ड म्हणाला, आणि तिलाही ते पटलं. मुलगी संजना नर्सिंगला आहे. बापाने जाताना मुलीची सोय करून ठेवली, हे ती मला दोनदा सांगत होती.

दादा, मी त्यातलं एक तळहातावर आडवं धरलं. तू लिहिलेली रेघ तिथे होती. दुसरं घेतलं, तिथेही. चुंबक पर्समध्येच राहिलं. विचार करून सांगते म्हणाले. निघताना तिने सुकेळी बांधून दिली. घरच्या केळ्यांची, स्वतः उन्हात सुकवलेली. पैसे घेतले नाहीत.

आता हे सोडून दे. तुझं एक नाणं गेलं, तिचा माणूस गेलाय. येताना एसटीत उभी होते, पाय भरून आलेत. ह्यांनी सुकेळी मात्र आवडीने खाल्ली.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी पत्र लिहीत राहा.
आशा

~

कऱ्हाड,
दि. १३ डिसेंबर २००६

चि. सौ. आशास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पण सोडून देता येणार नाही, आणि ते माझ्या नाण्यासाठी नव्हे.

तिच्याकडून आणखी लोक घेत असतील. त्यातला एखादा माझ्यासारखा म्हातारा नसेल, सरळ पोलिसांत जाईल. मग फोटो दुसऱ्याचा का लावला, ईमेलला उत्तर का दिलं नाही, हे तिला आणि त्या दिराला ठाण्यात बसून सांगावं लागेल. तिला ठाऊक नव्हतं यावर तिथे कोण विश्वास ठेवील? आणि ती मुलगी. डब्यातल्या पैशांवर पुढची वर्षं जातील अशा हिशेबात घर असेल, तर आज कळलेलं बरं.

मी स्वतः आलो असतो, पण डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं आहे. तुझ्यावर ओझं टाकतो आहे हे मला कळतं. तू आधीच दमलेली आहेस. तरीही तूच सांग, कारण तू सांगितलेलं तिला ऐकवेल. नाताळ होऊन जाऊ दे. सण नको नासवायला.

जयवंतरावांना नमस्कार. जिवाला जप, एवढंच मागणं.
दादा

~

होळी, वसई,
दि. १० जानेवारी २००७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. परवा जाऊन आले.

बर्नार्डही घरी होता. मी आधी खरं सांगून टाकलं, की कऱ्हाडला ज्यांनी रुपिया घेतला त्यांची मी बहीण. तो ताडकन उठला. माल पाठवल्यावर आपली जबाबदारी नाही, असं काहीतरी बोलायला लागला. हिल्डाने त्याला गप्प बसवलं आणि मला विचारलं, की तो एकच खोटा का सगळे. मला माहीत नाही म्हणाले आणि चुंबक टेबलावर ठेवलं.

डबा तिने स्वतः आणला. दोन-तीन नाणी टकन चिकटली. बाकीची चिकटली नाहीत म्हणून बर्नार्डला हायसं वाटलं. मग मी आवाजाचं सांगितलं. तिने काचेच्या कपाटातलं एक नाणं काढून फरशीवर टाकलं. काय गोड वाजलं ते. मग डब्यातलं टाकलं. पुन्हा कपाटातलं, पुन्हा डब्यातलं. मग थांबली. दारात कोंबड्या ओरडत होत्या, त्यांना दाणे टाकून आली.

परत आली तेव्हा तिला सगळं उलगडलं होतं, माझ्या आधी. हळूहळू सांगत गेली. आजारपणाची शेवटची दोन वर्षं तो घरीच होता, पलंगाशेजारी कॉम्प्युटर. इंटरनेटवरून नाणी मागवायचा. पार्सल आलं की तिला हाक मारून तिच्यासमोर कात्रीने उघडायचा. मग केव्हातरी नंतर उघडू म्हणायला लागला. मग पार्सलं यायचीच बंद झाली. आजाराने त्याची हौस गेली असं ती समजली होती. तो डबा मोलाचा म्हणून शर्टांखाली ठेवला नव्हता, असं म्हणाली. फसलो हे कोणाला दिसू नये म्हणून ठेवला होता. मी काही त्याला रागावले नसते, हे तीनदा म्हणाली. एवढं दुखणं अंगावर, त्यात हे एकट्याने कशाला वाहायचं, म्हणाली. रडली नाही. दादा, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बर्नार्ड मला रिक्षापर्यंत सोडायला आला. त्याच्या मोबाइलवर नाण्याचे फोटो अंधुक यायचे, म्हणून त्याने तशाच नाण्याचा चांगला फोटो नेटवरून उचलला. एका सालचं एक नाणं दुसऱ्यासारखंच असतं, असं त्याला वाटलं. तुझ्या ईमेलचं इंग्रजी वाचून तो घाबरला आणि उत्तर द्यायचं टाळत राहिला. ते इंग्रजी तू जरा जास्तच घातलं असशील.

घरी येऊन ह्यांच्याजवळ बसले. मला काही सांगायचं राहिलंय का, असं उगाचच विचारलं. खूप प्रयत्न करून हे म्हणाले, की हल्ली चहा पातळ असतो.

ऑपरेशन नीट होऊ दे. वाचता येऊ लागलं की लिही. तोवर आर्याकडून दोन ओळी पाठव.
आशा

~

राजोडी,
दि. १२ फेब्रुवारी २००७

मा. सदानंदकाका यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आशाताईंनी काका म्हणायला सांगितलं म्हणून तसंच लिहिते. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं त्यांच्याकडून कळलं. बरं वाटलं.

आपण परत पाठवलेला रुपिया मिळाला. आपण तो पाठवण्याआधी पैसे मागितले नाहीत आणि नंतरही पैशांचा विषय काढला नाही, हे मी विसरणार नाही. तरीही मनीऑर्डर केली आहे, अर्धी आज आणि अर्धी ईस्टरनंतर. ती परत करू नये, ही विनंती. बर्नार्डने बाकीच्या गिऱ्हाइकांनाही पत्रं टाकली आहेत. बहुतेकांची नाणी आली. नाशिकचे एक गृहस्थ म्हणतात, खोटं असलं तरी मला आवडलं, मी ठेवणार. त्यांना कळवलंय की ठेवा, पण कडेला खाच मारून ठेवा, म्हणजे तुमच्या मागे कोणी फसायला नको.

बाकी सगळी मी सोनाराकडे नेऊन कापून घेतली. चुंबकाला चिकटलेल्यांत लोखंड आणि बाकीच्यांत पितळ निघालं. संजना बरोबर होती. पुढच्या वर्षीपासून तिला हॉस्पिटलातून थोडं विद्यावेतन मिळेल, मी जेवणाच्या ऑर्डरी वाढवल्या आहेत. दमायला होतं, पण कामाने दमलेलं बरं.

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्टरांच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. नंतर माणसं घरी जेवायला आली, जहाजावरचे त्यांचे जुने सोबतीही होते. काचेच्या कपाटापुढे उभं राहून कोणीतरी विचारलं, ते चांदीचे रुपये विकता असं ऐकलं, त्याचं काय झालं. बर्नार्ड घाईने भाताचं भांडं घेऊन पुढे झाला. मी त्याला थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ते खोटे निघाले, कॉन्रॅड फसले होते आणि लाजेने त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

कोणी हसलं नाही. त्यांच्याबरोबर इंजिनरूममध्ये काम केलेल्या एका म्हाताऱ्याने ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, की त्याने एका बंदरात सोन्याचं म्हणून घड्याळ घेतलं होतं, ते आठवड्यात काळं पडलं, आणि आज वीस वर्षं झाली तरी बायकोला ठाऊक नाही. बायको शेजारीच बसली होती. तिने शांतपणे सांगितलं, की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग मात्र सगळे हसले, तो म्हातारासुद्धा. मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

काका, मिस्टर शेवटपर्यंत ज्याला भ्याले, ते एवढंच होतं.

वसईला आलात की आमच्याकडे जेवायला यावं. परकी समजू नये, आणि आशीर्वाद असू द्यावा.
आपली,
हिल्डा तुस्कानो