आईच्या मनातलं भय

जालना, मंगळवार, १२ मार्च १९७४

आज जीव हलका झाला. प्रार्थनेच्या बैठकीत ‘परमेश्वराचे भय’ हे शब्द ऐकल्यापासून आईनं धास्तीच घेतली होती. धड जेवण न्हाई, झोप न्हाई. मी किती समजावलं! पण मला तरी नक्की अर्थ कुठं ठाऊक होता?

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. आईनं त्यांनाच विचारलं, “मी तर रोज भितेच. अजून किती भिऊ?”

ते म्हणाले, “माय, तिथं भय म्हंजी धाक न्हाई, अदब. तुमचे वडील दिसले की पदर सावरायच्या ना? मारतील म्हणून?”

“न्हाई हो! लई जीव लावायचे.”

“मंग? बराबर तसंच.”

अदब. एवढंच होतं?

आई पोटभर जेवली. रोज देवाची नुसती माफी मागणारी आई आज प्रार्थनेत म्हणाली, “बापा, गुडघे लई दुखतात रे.”