तीन ठोके

मस्कत, ३ नोव्हेंबर १९९४

ती. हमदूनदादास जुवेनाचा सलाम वि. वि.

रागावण्याआधी काय घडलं ते बघ.

१. मसीरा बेट मागे टाकून आपण खोल पाण्यात गेलो. गेदर माशांचा थवा होडीखाली आला.
२. थवा नुसता गोल फिरत राहिला. त्याने तारलीची बारकी मासळी वर हाकलली नाही, म्हणून पक्षीही नव्हते.
३. तू होडीच्या तळावर तीन ठोके मारलेस.

मी होडीवरून पाण्यात सोडलेल्या माइकची टेप इथे ऐकली. तुझ्या तिनाआधी दोन ठोके आहेत, ते खालून आलेत. दोन म्हणजे ‘कोण आहे?’, तीन म्हणजे ‘मी आहे, तुझ्याकडे येतो’, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं. धुक्यात तीन ठोकून न जाणाऱ्याला आपल्याकडे कुणी पुन्हा होडीवर घेत नाही. तू शब्द कुणाला दिलास?

आईला यातलं सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझी,
जुवेना

मसीरा, ९ नोव्हेंबर

चि. जुवेनास अनेक आशीर्वाद.

इंजिनीअरीणबाई, आईचे गुडघे बरे, जीभ त्याहून बरी. त्या पोरीचा निकाह यंत्राशीच लावायचा का, असं विचारत होती.

ठोके ऐकले आणि हात आपोआप गेला. बाबा होडीसकट नाहीसे झाल्यापासून मला कुणी तसं विचारलं नव्हतं गं.

थवा आता धक्क्याजवळ आलाय. खोल पाण्यातला मासा इथे कशाला येईल? तारली घाबरून वाळूवर उड्या घेतेय, बायका हसत टोपल्या भरताहेत, आणि खालून तेच दोन ठोके. आईनेही ऐकले. म्हणते, माणूस दारात उभा आहे आणि तू कडी लावून बसलायस. अठरा तारखेला, जुम्म्याच्या नमाजानंतर, तिला घेऊन होडीने त्या ठोक्यांकडे निघतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

हमदून

मस्कत, १३ नोव्हेंबर

ती. दादास सलाम.

त्या दिवशी होडीवर लावलेल्या, पाण्याखालचे मासे टिपणाऱ्या यंत्राची कागदी पट्टी पुन्हा मोजली. थव्याच्या मधोमध एक मोकळी जागा आहे, होडीच्या आकाराची. मलाही आधी बाबाच वाटले. पण बाबांची होडी मोठी होती. ही जागा तुझ्या होडीएवढी आहे.

गेदर तारलीची शिकार कशी करतात ते तू लहानपणी मला दाखवलं होतंस. आधी घेर धरतात, मग तिला मधे आणतात.

होडी वाळूवर ओढ. आईला माझ्याकडे पाठव, रागावली तरी पाठव. माझ्यावरचा लोभ जमिनीवर राहून कर.

गुरुवार, सतरा तारखेपर्यंत उत्तर दे. लिहून दे, दादा. ठोकून नको.

जुवेना