छत पक्कं आहे

५ ऑगस्ट

आमच्या लेकीने, किनांतीने, आज घोळ घालून ठेवलाय!

शाळेच्या नव्या इमारतीच्या छताचा मोठा तुकडा पडला. मुलं घरी गेल्यावर पडला, म्हणून कोणाला लागलं नाही. आमची लारास — थोरल्याची मुलगी, तो जकार्त्याला असतो म्हणून ती आमच्याकडे — त्याच वर्गात बसते. अंगावर काटा आला. इथपर्यंत ठीक. पण तिथेच शिकवणाऱ्या आमच्या शिक्षिकाबाईंनी काय करावं? तुकडा हातात घेतला, फोनसमोर उभ्या राहिल्या आणि बोटांनी चुरून दाखवला. निव्वळ वाळू. 'सतरा ऑगस्टला, प्रजासत्ताकाच्या वाढदिवसाला, सरकारकडून आमच्या पोरांना ही भेट!' संध्याकाळपर्यंत सगळ्या तेमांगगुंग शहराने तो व्हिडिओ पाहिला.

बायको, मुर्सिती, म्हणाली, छान बोलते पोरगी. मी म्हटलं, इतकी वर्षं कंत्राटी मास्तरीण म्हणून राबतेय, कायम होण्याची ऑर्डर याच महिन्यात यायचीय, त्याचं काय?  ती म्हणाली, तरी छानच बोलते.

७ ऑगस्ट

घरोघरी झेंडे लावायची सूचना देत फिरलो. गल्लीचा प्रमुख आहे ना मी! पगार नाही, मान नाही, चहा मात्र सतरा घरचा प्यावा लागतो. सगळ्यांच्या अंगणात चिरलेला तंबाखू वाळत घातलाय, पाय ठेवायला जागा नाही. मी दिसलो की बोलणी थांबतात आणि लोक तंबाखू हलवायला लागतात.

सुगेंग तेवढे बोलायला थांबले. फौजेतले निवृत्त हवालदार, आमच्या गल्लीचा कडक आवाज. म्हणाले, "बापाक दर्मो, आपल्या आईचे कपडे फाटले तर आपण चौकात जाऊन ओरडतो का?" मी म्हटलं, नाही. घरी येऊन हेच किनांतीला ऐकवलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "ओरडत नाही. पण नव्या कपड्यांचे पैसे कोणी खाल्ले हे तर विचारतो ना, बापाक?"

एकाने बापाक म्हटलं मानाने, दुसरीने बाप म्हणून; मला दोघांचंही पटलं. हाच माझा आजार आहे.

८ ऑगस्ट

व्हिडिओखाली कोणीतरी किनांतीला लिहिलंय — देश आवडत नसेल तर चालती हो. जाणार कुठे? तिला सेमारांगच्या बसमध्येसुद्धा उलटी होते.

१० ऑगस्ट

शिक्षण खात्याच्या साहेबांनी बोलावलं. तिला नाही, मला! मुलीच्या वयाचा माणूस, पण बोलणं लोण्यासारखं. चहा दिला, तळलेली केळी दिली, गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, सक्ती अजिबात नाही, फक्त माफीचा एक छोटा व्हिडिओ.

आता हे नेहमीचंच झालंय. भजीवाला असो की गायक, जरा सरकारविरुद्ध बोलला की चार दिवसांनी तोच माणूस सरकारी तिकीट लावलेला माफीनामा हातात धरून फोनसमोर उभा. डोळे खाली, आवाज सपाट. आपण बघतो, हसतो, पुढचा व्हिडिओ लावतो. आपल्या घरात ही पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मजकूर साहेबांनी तयारच ठेवला होता. मी घाईने बोलले, देशाची बदनामी झाली, क्षमा असावी, शाळेचं छत पक्कं आहे. सध्या इमारत बंद आहे, मुलं मशिदीच्या ओसरीत बसतात. स्वातंत्र्याच्या सणानंतर वरून कोणी मोठे पाहुणे यायचेत, त्याआधी वर्ग भरलेले दिसायला हवेत. ऑर्डरबद्दल साहेबांनी अवाक्षर काढलं नाही. निघताना तेवढं विचारलं, मुलगी यंदा कायम व्हायची आहे ना?

१२ ऑगस्ट

आज घरात व्हायचं ते झालं.

किनांती म्हणाली, आवाज चढला त्याची माफी मागते, वाढदिवसाच्या टोमण्याची मागते, हवी तर हात जोडून मागते. पण छत पक्कं आहे हे नाही म्हणणार. मी समजावलं, अगं, नुसते शब्द आहेत.

"शब्द आहेत. पण खाली पोरं बसणार आहेत, बापाक."

मुर्सिती मिरच्या कुटत होती. तिथूनच म्हणाली, हा माणूस लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय, मग हा काय शेजाऱ्यांचा हेर आहे? दोघी हसल्या. माझं डोकं फिरलं. ओरडलो — ज्या देशाचं खाता त्याची अब्रू काढता, लाज नाही वाटत? तोंड माझं, शब्द सुगेंगचे. किनांती हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी देश माझ्या डोक्यात कुठेच नव्हता. तिची ऑर्डर होती. उद्या आम्ही दोघं गेलो की ही पोरगी कंत्राटी पगारावर कशी जगेल, ही भीती होती. भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून देश पुढे केला. माझ्यासारखे किती असतील!

फार थकलोय. या वयात झेंडा लावावा, भात खावा, झोपावं, एवढंच हवं होतं.

१३ ऑगस्ट

किनांती जेवली नाही. मुर्सिती माझ्याशी बोलत नाही.

१४ ऑगस्ट

तयार झाली. "तुमच्यासाठी करते," एवढंच म्हणाली. मी 'बरं' म्हटलं. 

बैठकीच्या खोलीत उभी राहिली, शाळेचा बाटिकचा सदरा घालून, केस नीट विंचरून. फोन मी धरला. पहिल्यांदा सगळं पुसट आलं. पुन्हा वाचायला लावलं. पोटच्या पोरीला एकच खोटं दोनदा बोलायला लावलं मी! 'छत पक्कं आहे' म्हणताना तिने फोनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. साहेबांना पाठवून दिला. लगेच उत्तर आलं — आभार, गुडघ्यांना जपा.

१६ ऑगस्ट

गल्लीत चटया टाकल्या. स्वातंत्र्याच्या आदल्या संध्याकाळची बैठक, दरवर्षीसारखी. दुआ झाली, पिवळ्या भाताचा डोंगर मधोमध ठेवला. मी भाषण केलं, हुतात्म्यांचे आभार मानले. काय बोललो ते आता आठवतही नाही.

भाताचा शेंडा कापून पहिलं ताट मानाच्या माणसाला देतात. सुगेंगनी ते उचललं आणि किनांतीला दिलं. म्हणाले, चूक कबूल करायला छाती लागते, ही खरी देशाची लेक! बायकांनी तिला मिठ्या मारल्या. ती हसून सगळ्यांचे आभार मानत होती. तिचं ते हसू मला बघवेना. उठून पाण्याचे पेले वाटत राहिलो.

शेवटी साहेबांच्या सांगण्यावरून घोषणा केली — वीस तारखेला नवी इमारत उघडणार, सगळ्यांनी मुलं पाठवा. सगळ्यांनी एका आवाजात होकार दिला. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही.

१७ ऑगस्ट

झेंडावंदन. गुडघे दुखले. पोत्यांच्या शर्यतीत लारास दुसरी आली.

१९ ऑगस्ट

ऑर्डर आली! किनांती कायम झाली. तिने वाचली, टीव्हीवर ठेवली आणि भांडी घासायला गेली. मी गोड काही आणू का विचारलं. म्हणाली, कशाला?

२० ऑगस्ट

सकाळपासून फोन. गल्लीचा प्रमुख, म्हणून मलाच. सुगेंगच्या दोन्ही नातवंडांना ताप. समोरच्या घरातल्या मुलीला ताप. कोपऱ्यावरच्या जुळ्यांना ताप. अख्ख्या गल्लीला ताप! म्हणजे छत कच्चं आहे हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला देशाची लेक म्हणणाऱ्या सुगेंगनासुद्धा.

लारासलाही ताप आहे, असं मी स्वतः शाळेत कळवलं. ती अंगणात दोरीवर उड्या मारत होती.

किनांती मात्र गेली. म्हणाली, छत पक्कं आहे असं मीच सांगितलंय ना, मग मला जायला हवं.

दुपारपर्यंत कसाबसा दम काढला. मग उठून गेलो. रिकाम्या वर्गात ती टेबलाशी एकटी बसली होती. मी आत शिरून पहिल्या बाकावर बसलो.

"बापाक, उठा तिथून. वरचं पडेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "फोन काढ. आता मी बोलतो."