पोस्टात जाऊ का?

ता. ४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक. चिमुरडीच्या शाळेची तयारी मी आधीच उरकली होती. जुन्या पडद्याचं दप्तर शिवलं, चड्डीच्या नाडीची गाठ तिला सुटत नाही म्हणून इलॅस्टिक घातलं, डब्याचं झाकण एकटीने उघडायचा रोज सराव घेतला. तरी एक गोष्ट राहिलीच.

आठवडा झाला, पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. घरी पोचली की दप्तर दारात टाकून बाथरूमकडे धावते. काल बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी हिने हात वर करून विचारलं, पोस्टात जाऊ का. बाईंनी समजावलं की पोस्टात संध्याकाळी आईबरोबर जायचं. तेव्हापासून हिने विचारणं सोडलं आणि पाणी पिणंही.

आमच्या घरात पोस्ट कशाला म्हणतात, ते बाईंना सांगायला माझी जीभ रेटेना. पोर आजारी पडेल अशी धास्ती वाटते. काय करू, कळवा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. ८

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हसून हसून खाली बसली. मी मात्र रागावलो आहे. सासूबाईंसमोर तो शब्द नको म्हणून नवी सून असताना तू 'पोस्टात जाऊन येते' सुरू केलंस. भाऊ पोस्टात दिवसभर शिक्के मारतो आणि बहीण त्याच्या खात्याचा असा उद्धार करते. एवढी पत्रं खरंच टाकली असतीस तर मला बढती मिळाली असती.

थट्टा पुरे. पोरीने पाणी पिणं सोडणं बरं नव्हे. तिला साधा शब्द शिकव. ती तुझंच ऐकून बोलते, तेव्हा आधी तू बोल, तोही मोठ्याने. अख्ख्या पत्रात तू तो एकदाही लिहिला नाहीस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

तुझा,
दादा

ता. १५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

देवापुढे दिवा लावला, तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि म्हटलं, बाई, शूला जाऊ का. पोरीने मी शिवी दिल्यासारखं पाहिलं. म्हणाली, असं बोलू नये, घरात माणसं आहेत. शब्द माझेच, कुणावर रागावणार? मग आळीपाळीने म्हणत बसलो आणि दूध उतू गेलं. ते हिशेबात तुमच्या नावावर मांडलं आहे.

काल बाटली रिकामी आली. बाहेरच्या खोलीत पाहुणे, कोपऱ्यात सासूबाईंचा जप चाललेला. पोरीने दारातूनच खणखणीत सांगितलं की आज ती शाळेत दोनदा शूला गेली. मी पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी माळ ओढता ओढता एवढंच विचारलं, हात धुतलेस का.

लोभ आहे तसाच, थट्टेसकट, असू द्यावा.

तुमची,
धाकटी