त्या दिवशीचं मीठ

आई, लालबागच्या खोलीतलं ते अळणी जेवण तू विसरली नसशील. मी ते आयुष्यभर अभिमानाने सांगत आले. पण परवापासून मला झोप लागत नाही, कारण ते मला वाटायचं तसंच घडलं का, ही शंका एकदा डोक्यात शिरली ती निघतच नाही. विचारायचं तर कुणाला? त्या पंगतीतलं आता कुणी उरलेलं नाही, तूही नाहीस.

आधी माझं सांगते. मध्यंतरी मला ताप येऊन गेला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. गोड, खारट, काहीच कळत नाही. घरात कुणाला बोलले नाही. आजीने चाखलं की विषय संपला, एवढाच मान या घरात मला उरलाय, तोही कसा सोडू? त्यातून तुझी पणती, माझी नात, नोकरी सोडून परळला कॉफीचं दुकान काढते आहे. यंत्रातून दाबून काढलेली घोटभर कडक कॉफी, वर तांबूस फेस. त्या फेसाला ती क्रेमा म्हणते. फिका आला तर कॉफी आंबट निघणार, काळपट येऊन मध्ये पांढरा डाग पडला तर करपट. ती शिकवते आणि मी मन लावून शिकते, कारण मला आता डोळ्यांनीच चाखायचं आहे.

परवा तिने दोन कप पुढे ठेवले. "आजी, यातली कुठली ठेवू? तू म्हणशील त्याच बिया मागवते." एकावरचा फेस पातळ होता, दुसऱ्यावरचा चांगला जाड, सायीसारखा. मी दोन्हींचे घोट घेतले आणि ऐटीत जाड फेसाचा कप पुढे सरकवला. तिने त्यातलाच एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"आजी, ही कडवट्ट आहे गं. हलक्या प्रतीच्या बियांना फेस जास्त येतो, दिसायला छान, प्यायला लाकूड. मी तुझी गंमत करायला ठेवली होती. तुला नाही कळलं?"

"अगं, सकाळपासून उपास. तोंडाला चवच नाही."

वाक्य इतकं अलगद बाहेर आलं की माझी मीच दचकले. तिने विश्वास ठेवला. उपास सुटल्यावर पुन्हा पी म्हणाली, तोवर बिया मागवत नाही म्हणाली. आणि मला तू दिसलीस, हातात डाव धरून थांबलेली.

बाबांच्या मागे तू गाववाल्या गिरणी कामगारांची खानावळ चालवायचीस. दुपार झाली की खोलीत पाट मांडायचे, आणि तू चुलीपाशी टोपात बघत उभी असायचीस. बांगड्याच्या कालवणावर तवंग कसा आलाय, कडेला लाल, मध्ये पिवळसर, एवढ्यावरून तू टोप उतरवायचीस. चाखायचीस मात्र कधीच नाही. मी बोट घातलं तर हातावर फटका. "जेवणाऱ्यांच्या आधी चाखू नये. उष्टा होता ता." आपल्याकडे सगळ्याच बायका असं म्हणायच्या, म्हणून कधी शंका आली नाही. पण तू मोठ्या आजारातून उठलीस त्यानंतरची एक दुपार आता आठवते. शेगडीवर दूध करपतंय, खोलीभर वास, आणि तू शेजारीच बसून शांतपणे तांदूळ निवडते आहेस. मी ओरडले तेव्हा उठलीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर होती तेव्हाची. फोर्टात गोळीबार झाला आणि आपल्या पंगतीतला एकजण परतलाच नाही. त्याचा पाट मांडलेला. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वर सुरेख तवंग. पहिल्या घासाला म्हातारे जॉबर, गिरणीत माणसं कामाला लावणारे, हळूच म्हणाले, "वयनी, मीठ रवला काय?"

तुझा डाव हवेत थांबला. तू टोपात बघितलंस, मग माझ्याकडे, मग त्या रिकाम्या पाटाकडे.

"आज आपलो माणूस गेलो," तू म्हणालीस. "आज अळणीच जेवचा."

सुतकात घरची माणसं जेवतात तसे सगळे खाली मान घालून जेवले. एकानेही मीठ मागितलं नाही. पुढे चाळीतल्या बायका तुझं नाव काढायच्या, आणि मी शाळेत ताठ मानेने ही गोष्ट सांगायचे.

खरं सांग, आई, तू मीठ विसरली होतीस ना? तुला कळलंच नव्हतं ना? तवंगावर सगळं दिसतं, मीठ तेवढं दिसत नाही. खानावळवालीची जीभ गेली हे कळलं असतं तर त्यांनी दुसरीकडे पाट शोधले असते आणि आपण दोघी उघड्यावर आलो असतो. इतकी वर्षं मी तुझ्या धीराचं कौतुक केलं, आणि तू तिथे भेदरून उभी होतीस. मला याचंच वाईट वाटतं. मी शेजारीच तर होते. मला चाखायला सांगितलं असतंस.

पण त्या रात्री सगळे गेल्यावर तू तेच अळणी सांबारं भाताबरोबर जेवलीस आणि रडत होतीस, तेही मी पाहिलंय. ते गेलेल्या माणसासाठी की गेलेल्या जिभेसाठी, ते मला ठरवता येत नाही.

हे पत्र उशीखाली ठेवते आहे. नात सकाळी तेच दोन कप घेऊन येईल, तेव्हा माझ्या जिभेचं तिला सांगून टाकेन. तुझ्या मिठाचं मात्र माझ्याच्याने सांगवणार नाही.