महामायाची उरलेली डबी

८ फेब्रुवारी

आज सकाळी वंदना आटोपली आणि महामायाच्या डबीतल्या दोन गोळ्या शेजारच्या दयारामदादाला दिल्या. कंबर धरून ओट्यावर बसला होता. बायको गेली, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या विधीला तिची लुगडी, भांडी, सगळं दान केलं. मेथाडोनची ही डबी तेवढी राहिली. तिच्या कॅन्सरच्या कळा शेवटी यानंच थांबायच्या. फेकवेना. दादा म्हणाला, "तिच्या हातचा चहा लय पेलो. आता गोळी! केसरले सांगू नको बे, बोंबलन." हसलो. तीन महिन्यांनी.

९ फेब्रुवारी

पुन्हा दोन दिल्या. केसरवहिनी सांगत होत्या, "तुमचे दादा बसल्या बसल्या डुलून राह्यले. घास हातातच!" कळ थांबली, म्हणून झोप येते — मी समजलो. पुण्य लागलं वाटलं.

१० फेब्रुवारी, सकाळी

वहिनींची हाक — "भाऊजी, हे उठून नाही राह्यले!" घोरणं कसलं, घशात पाणी खळखळावं तसं. मग श्वासच नाही. दहापर्यंत मोजलं. मग एक. ओठ जांभळे. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

जीपमध्ये सारखा हलवत होतो — दादा, श्वास घे!

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? वहिनींनी झोपेच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. दादा रोज घेतो म्हणे. मला माहीत नव्हतं. विचारलं तरी कुठं होतं!

डबी माझ्या खिशातच राहिली.

१० फेब्रुवारी, दुपारी

इंजेक्शन दिलं आणि दादा दोन मिनिटांत उठला! "काऊन रडून राह्यला बे?"

डॉक्टर म्हणाले, ही सुई अफूच्या जातीच्या औषधावरची. लागू पडली, म्हणजे अजून काही घेतलंय. खरं सांगा.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "काहीच नाही, साहेब."

माझ्यासाठी!

आता घरी जायचा हट्ट धरलाय. डॉक्टर नको म्हणतात, तो सलाईन उपटायला निघालाय. महामायाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — ही गोळी अंगात दिवस दिवस रेंगाळते. सुईचा असर किती वेळ? "मुसावादा वेरमणी", खोटं बोलणार नाही — रोज वंदनेत म्हणतो. तोंडानं.

१० फेब्रुवारी, पाच वाजता

घरी न्यायच्या कागदासाठी वहिनींचा अंगठा शाईत बुडाला होता. खाटेवर दादा पुन्हा तसाच घोरू लागला. मी डबी टेबलावर ठेवली. "मी दिल्या. चार."

डॉक्टर सुई घेऊन धावले.

वहिनी एवढंच म्हणाल्या — "सकाळी काऊन नाही सांगितलं, भाऊजी?"